लेक्कर

समुद्राचा विषय निघाला की लोक गोव्याचं बोलतात, कोकणाचं बोलतात, आमच्याकडचे विशाखापट्टणमचं बोलतात. मला आठवते ती भाकरीतली वाळूची कचकच. मी आयुष्यात पहिला समुद्र पाहिला तो थेट हॉलंडचा, आणि तोही तंबूत राहून. हे सांगितलं की ऐकणारा माझ्याकडे जरा संशयानंच बघतो. आदिलाबादची माणसं नागपूरला जातात, नांदेडला जातात, फार तर हैदराबादला जातात. तंबू ठोकायला हॉलंडला कोण जातं? पण आम्ही गेलो होतो. आई, बाबा, मी, माझी चार वर्षांची बहीण सुमा, आणि भीमपूरची आत्या. आत्या लुगड्यावर बाबांचा जुना स्वेटर घालून आली होती आणि तिच्या मांडीवर ज्वारीच्या पिठाचा डबा होता. झाकण निघू नये म्हणून डब्याला तिनं जुन्या लुगड्याचा काठ फाडून बांधला होता. सबंध विमानप्रवासात तिनं त्या गाठीवरचा हात काढला नाही.

बाबा पाटबंधारे खात्यात इंजिनिअर होते. पाणी कसं अडवायचं हे शिकायला सरकारनं त्यांना वर्षभरासाठी तिकडे पाठवलं होतं. "आपल्याकडे अडवायला पाणी किती, ते आधी विचारा म्हणावं सरकारला," असं आई म्हणायची. आई मराठी शाळेत शिकवायची आणि सरकार या विषयावर तिची मतं ठाम होती. वर्ष संपत आलं तेव्हा बाबांचं पत्र आलं, की उन्हाळ्याच्या सुट्टीला जोडून सगळे इकडेच या, परत सोबत जाऊ. त्यांच्याबरोबर शिकणाऱ्या कुणीतरी स्वतःचा तंबू वापरायला देऊ केला होता. इथले लोक उन्हाळ्यात घरदार सोडून समुद्राकाठी तंबूत राहतात, असं बाबांनी लिहिलं होतं. आईनं ते पत्र दोनदा वाचलं आणि म्हणाली, "चांगली घरं असून?"

आत्या बरोबर येणार म्हटल्यावर शेजारच्यांना वाटलं, बिचारीला समुद्र बघायची हौस असेल. हौस होतीच. पण खरं कारण वेगळं होतं, आणि ते मला कळलंय हे घरात कुणाला ठाऊक नव्हतं. निघायच्या आदल्या आठवड्यात आई ओसरीवर तांदूळ निवडत शेजारच्या काकूंना सांगत होती, "रेणूला अक्कांच्या ओटीत घालायचं चाललंय. तिकडे गेलो की यांच्यासमोर पक्कं करून टाकू. तिथं पोर महिनाभर त्यांच्याजवळ निजेल, उठेल, सवय होईल." रेणू म्हणजे मी. मी दाराच्या आतल्या बाजूला वेणी हातात धरून उभी होते. मला बारावं लागलं होतं, ओटीत घालणं म्हणजे काय ते कळत होतं. आत्या बाबांची थोरली बहीण. तिचा नवरा चार वर्षांपूर्वी गेला होता, मूलबाळ नव्हतं, आणि भीमपूरची कपाशीची शेती ती एकटी बघायची. ती कधी हात पसरणारी नव्हती. तिनं भावाजवळ आयुष्यात एकच गोष्ट मागितली होती, आणि ती मी होते.

मला आत्या आवडायची, हे आधी सांगून टाकते. दर सुट्टीत मी भीमपूरला जायची, तिच्याबरोबर बैलबंडीत बसायची, कापसाच्या ढिगाऱ्यात उड्या मारून शिव्या खायची. माझं नावही तिनंच ठेवलेलं. बारशाला बाळाच्या कानात नाव सांगायचा मान आत्याचा असतो, आणि आमच्या आत्यानं तो मान जरा जास्तच बजावला. आईनं नंदिनी ठरवलं होतं. आत्या पाळण्यात वाकली, कानात कुर्र केलं, आणि वर उठून सगळ्यांना मोठ्यानं म्हणाली, रेणुका. "एकदा कानात गेलं ते गेलं," म्हणाली. आईनं ते कधी पुरतं माफ केलं नाही. रेणू म्हणजे धुळीचा कण, असं ती मला शुद्धलेखन तपासता तपासता ऐकवायची. तर अशी माझ्या नावाची मालकीण आता मलाच मागत होती. सुट्टीला जाणं वेगळं आणि दिलं जाणं वेगळं. विमानात तिच्या शेजारी बसून मी तिच्या हाताकडे बघत होते आणि मला वाटत होतं, तो पिठाचा डबा आणि मी, दोघं तिच्याच ताब्यात चाललो आहोत.

त्या दिवसांचा उजेड मला अजून स्वप्नात दिसतो. आदिलाबादच्या मे महिन्यातून आम्ही उठून गेलो होतो, जिथं दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा दिसत नाही, आणि तिकडचा उन्हाळा म्हणजे आमची दिवाळीची पहाट. ऊन होतं, पण ते अंगाला लागायचं नाही, नुसतं दिसायचं. संध्याकाळ व्हायची आणि संपायचीच नाही. सुमा जेवून, पेंगून, झोपून जायची तरी तंबूच्या पिवळट कापडातून उजेड आत झिरपत असायचा आणि आमचे चेहरे हळद लावल्यासारखे दिसायचे. वारा कधी थांबला नाही. कापड फडफडायचं, दोऱ्या गुणगुणायच्या, आणि या सगळ्याच्या मागून, वाळूच्या टेकाडांपलीकडून, समुद्राचा आवाज यायचा. तो आवाज पहिल्या दिवशी मला बाहेर ऐकू येत होता, तिसऱ्या दिवसापासून तो माझ्या डोक्यातच असावा असं वाटू लागलं. आजही इथे, घरात पंखा संथ फिरत असला आणि डोळे अर्धवट मिटले, की तो क्षणभर येतो आणि जातो.

समुद्र पहिल्यांदा दिसला तेव्हा आम्ही सगळे वाळूच्या टेकाडावर चढून एका ओळीत उभे राहिलो. निळा वगैरे मुळीच नव्हता. गढूळ, करडा, पार आभाळापर्यंत. बाबा काहीतरी माहिती देणार होते पण वाऱ्यानं त्यांचे शब्द उडवून नेले. आत्या चपला तिथेच काढून सरळ उतरून गेली, लुगडं गुडघ्यापर्यंत खोचलं, पाण्यात हात घातला, बोट जिभेला लावलं आणि मागे वळून बाबांना ओरडून म्हणाली, "वसंता, सारा उप्पूच हाय रे!" आमच्याकडे बाजारात मिठाला सगळे तेलुगूतला उप्पूच म्हणतात. मग ती कितीतरी वेळ तिथेच उभी राहिली. पाणी घोट्याशी यायचं, पायाखालची वाळू ओढून न्यायचं, आणि ती दर वेळी थोडी हलून पुन्हा पाय रोवायची. मी जवळ गेले तर तिनं माझा हात धरला. धरून ठेवला. घट्ट.

तंबूंच्या त्या गावात एक मोठी मोरी होती, तिथं सगळे आपापली भांडी टोपल्यात घालून घासायला यायचे, पुरुषसुद्धा. आत्याला याचं भारी अप्रूप. एखादा दाढीवाला गडी पातेलं घासत असला की ती शेजारी उभी राहून बघायची आणि मान डोलवायची. वाऱ्याला आडोसा म्हणून लोक समुद्राकाठी पट्ट्यापट्ट्यांचं कापड काठ्यांना बांधून बसायचे. आत्यानं दुसऱ्याच दिवशी धुतलेलं नऊवारी चार काठ्यांना ताणून बांधलं. त्याच्या आडोशाला आम्ही पाचही जण मावलो आणि वर लुगडं वाळलं. ते बघायलाच शेजारची बाई आली. ती चाकांवरच्या एका छोट्या घरात राहायची, त्याला जाळीचे पडदे होते आणि दारात लाल फुलांच्या कुंड्या. गुडघे सुजलेले, केस कापसासारखे पांढरे. नाव ट्रूस. आत्याला ते म्हणता येईना. दोनदा प्रयत्न करून तिनं तुळसाबाई करून टाकलं, आणि ती बाईही त्या हाकेला ओ देऊ लागली.

एकमेकींची भाषा दोघींनाही येत नव्हती आणि दोघींनाही त्याचं काही वाटत नव्हतं. तुळसाबाई तिकडचं बोलायची, आत्या भीमपूरचं. एक विणायची, एक लसूण सोलायची. तिकडचा पहिला शब्द मी शिकले तोही तुळसाबाईकडूनच. समुद्राकाठी एका गाडीवर तळलेले बटाट्याचे काप मिळायचे, कागदाच्या पुडीत. तिनं मला आणि सुमाला एक पुडी घेऊन दिली, आणि आम्ही खायला लागलो तशी भुवया उंचावून म्हणाली, "लेक्कर?" मी बाबांना विचारलं. लेक्कर म्हणजे चवदार, बाबा म्हणाले. पण एवढ्यावर भागत नाही, ऊन पडलं तरी लेक्कर, झोप झाली तरी लेक्कर, जे जे बरं वाटेल ते सगळं लेक्कर. मला तो शब्द ऐकून हसू फुटलं. आमच्याकडे लेकरू म्हणजे मूल, आणि इथे गाडीसमोरच्या रांगेत माणसं बटाटे खात लेक्कर लेक्कर करत होती. आत्या तेव्हा माझ्या मागेच उभी होती, आपल्या कापांवरचं पांढरं मिश्रण बोटानं बाजूला काढत. तिनं ऐकलं की नाही, मी पाहिलं नाही.

आत्या रोज सकाळी मला समोर बसवून वेणी घालायची. वारा केस विस्कटायचा म्हणून ती इतकी आवळायची की डोळे ताणले जायचे. वेणी घालता घालता भीमपूरचं सांगायची. "तुले वेगळी खोली करून देईन. खिडकीतून सारी कपाशी दिसंल. शाळा आपल्या घरासमोरच हाय, घंटी वाजली का निघाचं." मी हूं म्हणायची. ती मला विचारत नव्हती, मीही तिला काही म्हणत नव्हते. आई तंबूच्या तोंडाशी बसून आमच्याकडे बघायची आणि मग उगाच काहीतरी घडी घालायची. त्या दिवसांत आईनं जेवढ्या घड्या घातल्या तेवढ्या तिनं जन्मात घातल्या नसतील. दुपारी आम्ही वाळूच्या टेकाडांवरून फिरायचो. तिथे उंच, कडक, पातीच्या टोकाशी बोचणारं गवत होतं, आणि आत्याच्या लक्षात आलं की ते आपोआप उगवलेलं नाही, ओळीत लावलेलं आहे. शेतकरी बाई, तिला ओळ दिसतेच. बाबांनी सांगितलं, वारा वाळू उडवून नेतो म्हणून इथले लोक पिढ्यान्‌पिढ्या हे गवत लावतात, आणि ही टेकाडं आहेत म्हणून मागची जमीन आहे, नाहीतर समुद्र आत आला असता. आत्या खाली बसली, एका रोपाच्या बुडाशी बोट खुपसून बघितलं, मूळ किती खोल ते. "मंग यायले रोज पाहावं लागत असंल," ती म्हणाली, आणि वाळू पुन्हा नीट दाबून ठेवली.

मुक्कामाचे शेवटचे तीन-चार दिवस राहिले होते तेव्हाची गोष्ट. बोलणं अजून झालं नव्हतं. बाबा रोज म्हणायचे, आज निवांत बसू, आणि रोज सुमाला घेऊन पतंग उडवायला निघून जायचे. त्या दिवशी दुपारभर भुरभुर पाऊस झाला आणि पाच वाजता एकदम लख्ख उघडलं. आई-बाबा सुमाला घेऊन समुद्राकडे गेले. मी आत्याजवळ राहिले, म्हणजे मला ठेवलं गेलं. आत्यानं गॅसची छोटी शेगडी पेटवली, भोवती पत्र्याचा आडोसा केला, भांडी घासायच्या टोपल्याचं झाकण उलटं घालून त्यावर पीठ मळलं आणि भाकऱ्या थापायला घेतल्या. थापण्याचा आवाज ऐकून तुळसाबाई आपली घडीची खुर्ची घेऊन आलीच. आत्यानं तिला पहिली भाकरी दिली, वर तिकडचं पिवळं लोणी आणि आपला गूळ. दुसरी मला. कापडावरून अजून थेंब ओघळत होते आणि प्रत्येक थेंबात ऊन होतं. तुळसाबाईनं मोठा घास घेतला, डोळे मिटले. "लेक्कर," ती म्हणाली. मग डोळे उघडून माझ्याकडे बघितलं. माझंही तोंड भरलेलं होतं. तिनं माझ्या गालाला हात लावला आणि भुवया उंचावून विचारलं, "लेक्कर, हे?"

तिकडे वाक्याच्या शेवटी असं 'हे' लावतात, आपण 'नाही का' म्हणतो तसं. चवदार आहे, नाही का, एवढंच तिनं मला विचारलं. पण आत्याचे थापणारे हात थांबले. तिनं तुळसाबाईकडे पाहिलं, मग माझ्याकडे, माझ्या गालावरच्या त्या हाताकडे. तिच्या कानाला काय ऐकू आलं असणार ते माझ्या लगेच ध्यानात आलं. लेकरू हे? हे तुझं लेकरू का? मी सांगायला तोंड उघडलं. आत्या, ती भाकरीचं म्हणतेय. एवढं एक वाक्य. आणि मी ते गिळलं, कारण मला ऐकायचं होतं. ती हो म्हणते की नाही, ते मला त्या घटकेला जगातल्या कुठल्याही गोष्टीपेक्षा जास्त ऐकायचं होतं. हो म्हणाली असती तर मी भीमपूरची झाले असते, हे मला पक्कं ठाऊक होतं. ती बोललेला शब्द मागे घेणारी नव्हती.

"नाई बाई," आत्या म्हणाली. "माया भावाची हाय. मायी नाई."

तुळसाबाई हसून मान हलवत होती. आत्यानं हातातलं पीठ झाकणावर ठेवलं.

"मायी एक होती," ती म्हणाली. "चार दिस होती. गोरीपान, अन् डोक्यावर हे एवढे केस. पाचव्या दिसी सकाळी हात लावून पायलं त थंडगार. मले कोनी रडू नाई देल्लं. म्हने, रडशीन त दूध आटंल. कोनासाठी राखाचं व बाई? मंग झालंच नाई काई. घरात तिची कोनी गोठ नाई काढत. जशी आलीच नव्हती."

तुळसाबाईचं हसू हळूहळू थांबलं. एकही शब्द तिला कळत नव्हता. तिनं थाळी खाली ठेवली.

"हे पोट्टी तिच्यामागून वर्सभरानं झाली," आत्या माझ्याकडे न बघता बोलत राहिली, जसं काही मी तिथे नव्हतेच. "हिले पायलं का मी मनात मोजतो. आता ते चालली असती, आता शाळंत गेली असती. आता हिले मागून राह्यली मी. पन मागून राह्यली ते हिले नाई व. तिले. हे बरं हाय का? ही येईन माया घरी, अन् मी हिच्या अंगाले दुसरीचे कपडे घालत बसीन जलमभर."

आणि मग आत्या रडली. तोंडाला पदर न लावता, वाकून, दोन्ही पिठाचे हात हवेत धरून. आमच्या घरात आत्याला रडताना कुणी पाहिलं नव्हतं, नवरा गेला तेव्हासुद्धा नाही. तुळसाबाई त्या सुजलेल्या गुडघ्यांवर कशीबशी वाळूत बसली आणि तिनं आत्याचे ते पिठाचे हात आपल्या हातांत घेतले.  ती अंगठ्यानं बोटांवरचं पीठ पुसत राहिली. दोऱ्या गुणगुणत होत्या, लांब कुठेतरी कुणाचं तरी मूल खिदळत होतं. शेवटी, आता काय करावं ते सुचेना म्हणून असेल, तुळसाबाईनं खाली ठेवलेल्या थाळीतून भाकरीचा एक तुकडा मोडला, खाल्ला, आणि अगदी हळू, सांत्वन करावं तशी, म्हणाली, "लेक्कर." आत्यानं मान हलवली. मग नाक वर करून वास घेतला. "अवं, भाकर करपली!" ती ओरडली आणि दोघी हसायला लागल्या, आत्या रडत रडतच.

आई-बाबा परत आले तेव्हा आत्या भांडी घासून आली होती. अजून भरपूर ऊन होतं. ती बाबांना म्हणाली, "वसंता, रेणी तुयीच राहू दे."

"काऊन अक्का? काही झालं का?"

"काई नाई झालं. तिची शाळा चांगली हाय. सुट्टीत येते ते येईनच." आणि सुमाच्या पायाची वाळू झटकायला लागली. बाबा पतंगाचा गुंतलेला दोरा सोडवत बसले. आई तंबूच्या मागे वाळत घातलेल्या कपड्यांत गेली आणि कितीतरी वेळ आली नाही. आली तेव्हा डोळे लाल होते आणि हातात एकच टॉवेल होता. तिनं मला जवळ ओढून घेतलं, वाळूसकट.

मला आनंद झाला होता. तो आनंद मला अजून आठवतो आणि त्याची लाजही. मी त्या दिवशी भरतीच्या पाण्यात धावले, ओरडले, वेणी सुटली तरी बांधली नाही. पण परतीच्या विमानात, आत्याच्या मांडीवर तो डबा रिकामा होता आणि ती खिडकीतून ढगांकडे बघत होती, तेव्हा माझ्या मनात आलं, की एका शब्दाचा अर्थ मी सांगितला नाही म्हणून हिचं सगळं गेलं. तिला वाटलं, कुणीतरी तिला तिच्या लेकराबद्दल विचारलं. कुणी विचारलंच नव्हतं. मी गप्प राहिले आणि त्याबदल्यात सुटले. हे ओझं मी पुढे कुणाला सांगितलं नाही. लग्न झालं, कॉलेजात ग्रंथपालाची नोकरी झाली, मुलं झाली, आई-बाबा गेले, आणि दर दिवाळीला भीमपूरला जाताना मी ठरवायची, या खेपेला सांगायचं. आणि दर खेपेला कापसाच्या, पावसाच्या, मुलांच्या गोष्टी करून परत यायची.

मागच्या महिन्यात मी गेले होते. निवृत्त होऊन मला काही वर्षं झाली, आत्या पंच्याऐंशीच्या घरात आहे. दोन्ही कान शाबूत, दात मोजके. शेत बटाईनं दिलंय, पण वेचणी चालू असली की अजून अंगणात खाट टाकून येणाऱ्याजाणाऱ्यावर नजर असते. आता भाकऱ्या मी करते आणि ती मला नावं ठेवते. त्या दिवशी दुपारी तिला लोणी-गूळ लावून भाकरी दिली, तिनं तुकडा तोंडात टाकला, बराच वेळ चघळला आणि म्हणाली, "लेक्कर." इतक्या वर्षांनी. माझा हात थांबला. आता नाही तर कधीच नाही, असं वाटलं, आणि मी खाटेच्या कडेवर बसून सगळं सांगून टाकलं. की तिकडे लेक्कर म्हणजे चवदार. की तुळसाबाई भाकरीबद्दल विचारत होती, तेही तुला नाही, मला. की मला तेव्हाच माहीत होतं आणि मी बोलले नाही.

आत्या चघळत राहिली. "मालूम हाय," ती म्हणाली.

"बाबांनी सांगितलं होतं?"

"तुया बाप कायले सांगते. त्या आलूच्या गाडीवर सारेच लेक्कर लेक्कर करून राह्यले होते. साऱ्यायले का आलूपासून लेकरं झाले का?"

म्हणजे तिला आधीपासून माहीत होतं. मी जे पन्नास वर्षं वाहत होते ते ओझं नव्हतंच. मला हसावं की रडावं कळेना. "मग आत्या, तिला ते सगळं काऊन सांगितलंस?"

तिनं गुळाचा खडा जिभेनं एका गालातून दुसऱ्या गालात नेला. "मले आजवर कोनी विचारलंच नव्हतं व. तुया बापानं नाई, मायनं नाई. तिनं विचारलं. भाकरीचं का होईना, विचारलं त खरं."

अंगणात कापसाची बंडी येऊन थांबली होती, बैलांच्या गळ्यातल्या घुंगरांचा आवाज थांबत थांबत थांबला. मी आयुष्यभर पुस्तकं हाताळली, माणसांना हवं ते शोधून दिलं, आणि या बाईला एक साधा प्रश्न विचारायला मला साठी उलटावी लागली. मी तिचा हात हातात घेतला, तुळसाबाईनं घेतला होता तसा.

"तिचं नाव काय होतं, आत्या?"

"नाव कुठचं? बारसं होईपर्यंत कुठं राह्यली ते." तिनं लुगड्यावरचे भाकरीचे कण झटकले. "ठरवून ठेवलं होतं. मनातच."

"काय ठरवलं होतंस?"

आत्यानं माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी तंबूपुढे ती माझ्याकडे न बघता बोलली होती. आता नीट, बघतच राहिली. आणि मग तिनं उत्तर द्यायच्या आधीच मला ते कळलं. आईचं ठरलेलं नंदिनी बाजूला सारून, पाळण्यात वाकून, घाईघाईनं कानात सांगितलेलं. एकदा गेलं ते गेलं. मला तिनं मागून सोडून दिलं होतं, पण मनात जपलेलं ते नाव तर तिनं आधीच मला देऊन टाकलं होतं.

"रेणुके," आत्या म्हणाली, "खाय आता तू बी. भाकर थंडी होऊन राह्यली."